एकशे बारा झाडं

सकाळी नेहमीसारखी बागेत शिरले आणि पाच-सहा पावलांवरच थांबले. वाकड्याभोवती कुणीतरी पांढऱ्या फक्कीने चौकोन आखला होता. वाकड्या म्हणजे झाड. फाटकाजवळचं, बुंध्यापासूनच एका बाजूला कललेलं, म्हणून वाकड्या. त्याचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही. कर्नल एक सांगतात, माळी दुसरंच सांगतो, आणि एकदा झाडांचे जाणकार म्हणून एक गृहस्थ आले होते, ते पान हातात घेऊन बराच वेळ उलटंसुलटं करत राहिले आणि बघून कळवतो म्हणाले. ते अजून बघताहेत. चौकोन चांगला खोलीएवढा होता. चार कोपऱ्यांना चार खुंट्या, त्यांना सुतळी, आणि कोपऱ्याला कोपरा जुळतो की नाही हे पाहायला तिरक्या बांधलेल्या दोन सुतळ्या बरोबर मधोमध खोडाला अडल्या होत्या. आखणाऱ्याने त्या खोडाला वळसा घालून पलीकडे नेल्या होत्या. पोरासोरांनी खेळायला काहीतरी आखलं असेल असं मी स्वतःला सांगितलं. पण पोरं कोपरे जुळवत बसत नाहीत हे मलाही कळत होतं. जवळच्या बाकावर मी बसून घेतलं. पाय दुखत नव्हते, तरी बसावंसं वाटलं.

माळी पाण्याची नळी ओढत आला. "संडासाची जागा आहे ती मॅडम," तो म्हणाला. "काल संध्याकाळी इंजिनियरबाई आखून गेली. समितीने मागितला होता ना, तोच." मी विचारलं, "आणि झाड?" "झाड यादीत नाही म्हणाली." त्याने नळी झटकली, पाणी येईना, मग तो नळाकडे बघायला गेला. त्याला यात विशेष काही वाटलं नव्हतं. यादीत नसलेल्या गोष्टी नसतात हे पालिकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला नव्याने सांगावं लागत नाही. तो स्वतः सहा वर्षं हजेरीपटावर नव्हता, रोज कामावर येऊन.

यादी मी केलेली आहे. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. एकतीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढली, त्यामुळे आमच्या बाग समितीत कागद म्हटला की तो माझ्याकडे येतो. समितीत नावं तीस आहेत, माणसं सात. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, चिटणीस मी, आणि कर्नल. कर्नल एका शाळेत कारकून होते, पण चालतात ताठ, म्हणून कर्नल. सहा वर्षांपूर्वी इथे राडारोडा पडायचा, संध्याकाळनंतर बाईमाणूस शिरत नसे. आम्ही दर रविवारी येऊन तो उचलला. झोपाळ्याच्या साखळ्या बदलून घेतल्या, बाकांच्या फळ्या बसवल्या, पाणी साचायचं तिथे चर खणला, कचरा टाकणाऱ्यांशी भांडलो, मग त्यांच्यातल्याच दोघांना समितीत घेतलं, तेव्हा कुठे कचरा थांबला. आता सगळे म्हणतात बाग किती छान झाली. ऐकून बरं वाटायचं पूर्वी. आता मनात पहिल्यांदा येतं की उद्या पुन्हा कुणाला तरी अर्ज लिहायचा आहे. चांगलं काम करून माणूस इतकं थकतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मग रस्ता आला. रस्ता रुंद करायचा म्हणून बागेची पूर्वेची अर्धी बाजू जाणार होती. डॉक्टरांनी कुठूनसा नियम शोधून काढला की एका जागेत शंभरावर मोठी झाडं असतील तर ती जागा रस्त्याला घेता येत नाही. झालं. झाडं मोजा, यादी करा, प्रतिज्ञापत्र करा.

मोजणी रविवारी झाली. सकाळी ऊन चढायच्या आत. वाकड्याखाली समितीचं घडीचं टेबल मांडलं, कारण आमचं सगळं तिथेच होतं. सभा तिथे, चहाचा थर्मास तिथे, भांडणंसुद्धा तिथेच. एक गट टेबलापासून डावीकडे निघाला, दुसरा उजवीकडे, आणि बागेला फेरी घालून दोघे पलीकडच्या टाकीपाशी भेटले. कर्नल डावीकडे आणि दुसरा एकजण उजवीकडे डब्यातल्या पिवळ्या रंगाने प्रत्येक खोडावर आकडा घालत होते. मी टेबलापाशी वही घेऊन बसले होते. ते आकडा ओरडायचे, घेर ओरडायचे, मी लिहायची. डावीकडची सत्तावन्न, उजवीकडची पंचावन्न. एकूण एकशे बारा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डावीकडच्यांना वाटलं टेबलाचं झाड उजवीकडच्यांनी घेतलं, उजवीकडच्यांना वाटलं डावीकडच्यांनी. आणि मी त्याला पाठ टेकून बसले होते. तीन तास पाठ टेकून बसले होते आणि समोरून येईल ते लिहीत होते.

मला तरी हे कळायला हवं होतं. लायब्ररीत दरवर्षी पुस्तकांची पडताळणी व्हायची. कपाटातली पुस्तकं चुकत नाहीत. चुकतं ते पडताळणाऱ्याच्या टेबलावरचं, हाताखालचं, रोजचं. एका वर्षी ज्ञानकोशाचा एक खंड सापडेना. दोन आठवडे आम्ही शोधलं, प्राध्यापकांना पत्रं पाठवली, एका बिचाऱ्यावर संशय घेतला, त्याने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी खंड सापडला तो माझ्याच टेबलाच्या पायाखाली. टेबल डुगडुगत होतं म्हणून शिपायाने सरकवला होता आणि मी रोज त्याच्यावर कोपर टेकून गहाळ पुस्तकांची पत्रं लिहीत होते. ही गोष्ट मी समितीत निदान चारदा सांगितली असेल. सगळे हसायचे, मीही हसायची.

पण खरं तेवढंच असतं तर मी बाकावर अशी बसून राहिले नसते. चूक होते माणसाची. मोजणी झाली त्या आठवड्यात मी यादी स्वच्छ अक्षरात उतरवत होते. तिसऱ्यांदा. पहिल्यांदा डॉक्टरांना घेर सेंटिमीटरमध्ये हवा होता, दुसऱ्यांदा वकिलांना रकाने वेगळे हवे होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले होते. दिवस कलला होता. शेवटची ओळ लिहून मान वर केली तर खिडकीत वाकड्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते, तिचे पाइप दिसतात, आणि मध्ये वाकड्याचा शेंडा, कारण तो आमच्या बाजूला कललेला आहे. सरळ असता तर दिसला नसता. मी त्याच्याकडे बघितलं आणि उगाच, गंमत म्हणून, यादीतल्या जागेच्या रकान्यात फाटकाजवळचा त्याचा आकडा शोधायला लागले. सापडेना. पुन्हा वरून खाली बोट फिरवलं. नव्हता. एकशे तेरा करून शेवटी टाकता आला असता, एका ओळीचं तर काम. पण एकूणची ओळ पाच ठिकाणी होती, नकाशावर होती, वकिलांच्या मसुद्यात होती. पुन्हा डॉक्टरांना फोन, पुन्हा वकील, पुन्हा रविवारची सभा, कर्नलांचं अर्ध्या तासाचं भाषण, पुन्हा चौथी प्रत. माझा हात भरून आला होता. आणि तेवढ्यात ताईने, माझ्या थोरल्या बहिणीने, विचारलं, "झालं का गं?" मी म्हणाले, "झालं." आणि वही मिटली. मनात म्हटलं, फाटकाजवळचं झाड, त्याला कोण हात लावतंय. त्या वेळी वाईटसुद्धा वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

बाकावरून उठून मी तशीच डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या, तोंडात कापूस. डॉक्टर हात धुता धुता माझं ऐकत होते. त्या बाईही ऐकत होत्या, त्यांना दुसरा इलाज नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या आत्ता लक्षात आलं?" मी म्हणाले, "आज फक्की बघितली तेव्हा." खोटं बोलायला फारसं काही लागत नाही, दवाखान्यात तर नाहीच, तिथे सगळेच बोलतात. डॉक्टरांनी नळ बंद केला. "आपण शपथेवर लिहून दिलंय, मोजणी पूर्ण आणि बिनचूक आहे. रस्तावाले एवढ्याचीच वाट बघताहेत. एक झाड वाढलं काय आणि कमी झालं काय, चूक ती चूकच. ते म्हणतील, यांना मोजताच येत नाही, आम्ही मोजतो. आणि त्यांच्या फितीने मोजलं तर मागची ती मनगटाएवढी झाडं मोठी म्हणून धरतील का? चौदा आहेत तशी. एकशे तेरातनं चौदा गेली की किती राहतात सांगा." मी गणित केलं. मग मी म्हणाले, "संडास दुसरीकडे सरकवायचा." "कुठे? पाइप तिथनंच जातो. बाकी जिथे जागा आहे तिथे आपलेच पिवळे आकडे आहेत." "मग संडास नको." यावर डॉक्टर हात पुसत खुर्चीकडे वळले. तो अर्ज मीच लिहिला होता. दोन वर्षं त्याच्या मागे लागले होते. बागेत येणाऱ्या बायांनी जायचं कुठे, असं एका बैठकीत मी पालिकेच्या साहेबांना तोंडावर विचारलं होतं आणि साहेब खाली बघायला लागले होते. खुर्चीतल्या बाईंनी कापसातून काहीतरी म्हटलं. काय म्हणाल्या ते कुणी विचारलं नाही.

परत येताना फाटकाशी झाडूवाली भेटली. पहाटेपासून अख्खा रस्ता झाडते आणि दुपारी घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाही. का पीत नाही ते तिने एकदा मला सांगितलं होतं, अर्ज त्यातूनच निघाला. फक्कीच्या चौकोनातली पानंसुद्धा तिने झाडून एका कडेला लावली होती. म्हणाली, "तुमच्यामुळं होतंय बघा मॅडम. नाहीतर आमचं कोण ऐकतंय." मी म्हणाले, "होईल लवकर." ती म्हणाली, "परवाच झाड पाडायला येणारेत म्हणे, मग लगेच काम." तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो खरा होता. तिला मी काय सांगणार होते? झाडाच्या बाजूने बोलणं सोपं असतं, समोर ही बाई उभी नसेल तर.

ताईला दोन वर्षांत खाली उतरता आलेलं नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे गेलेले. ती एकाहत्तरची, मी चौसष्टची. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि ताईने शाळा सोडून चूल सांभाळली. पुढे टेलिफोनच्या ऑफिसात लागली, दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची आणि घरी येऊन मला पाढे विचारायची. लग्न तिचं झालं नाही, माझं झालं आणि मोडलं, मी परत आले तेव्हा तिने दार उघडून इतकंच म्हटलं, हातपाय धू, पानं घेते. आता तिचा दिवस त्या खिडकीशी जातो. भाजी तिथेच निवडते, रेडिओ तिथेच ऐकते. वाकड्याला पालवी कधी आली, कावळ्याने घरटं कुठल्या फांदीवर केलं, पिल्लं किती, त्यातलं दांडगट कुठलं, सगळं तिला ठाऊक. समितीतल्या कुणालाही माहीत नसेल इतकं ते झाड तिला माहीत आहे, आणि त्याचा बुंधा तिने दोन वर्षांत पाहिलेला नाही. "काय म्हणतोय तुझा वाकड्या?" असं मला चिडवायची. माझा कसला, मी त्याला पाठ टेकून बसणारी.

सांगायचं नाही असं ठरवून जिना चढले होते. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले तेव्हाही तेच ठरलेलं होतं. पण तिने ताट वाढलं, समोर बसली, "आज काय केलंत बागेत?" म्हणाली आणि मी सगळं सांगून टाकलं. फक्की, यादी, डॉक्टर, झाडूवाली. आणि ती संध्याकाळही सांगितली, जी कुणालाच सांगितली नव्हती. ताई ऐकत राहिली. तिने खिडकीकडे बघितलं नाही. मला वाटलं रागावेल, निदान मला तसं हवं होतं. लहानपणी पाढा चुकला की हातावर चापट बसायची आणि मोकळं वाटायचं. ती म्हणाली, "मी विचारलं होतं ना तुला, झालं का म्हणून?"

"हो."

"घाई केली का गं मी? मला वाटलं, सकाळपासून लिहितेयस, दोन घास खाऊन घेशील."

"नाही ताई. तू नाही घाई केलीस."

"नाही, मी जरा थांबले असते तर..." ती पोळी मोडत बसली. मला तिथून उठून जावंसं वाटलं. सगळ्या आयुष्यात तिने हेच केलं होतं, माझी चूक हळूच आपल्या पदरात ओढून घ्यायची, आणि मी ती घेऊ देत आले होते. मी म्हणाले, "अजून लिहून देता येईल. झाड आहे म्हणून. उद्या इंजिनियरबाई सहीचा कागद घेऊन येणार आहे म्हणे, तिला सांगते." ताई म्हणाली, "आणि बाकीची?" मी भात कालवायला घेतला. "एकशे बारा म्हणजे कमी नाहीत गं," ती म्हणाली. "पोरं खेळतात त्यांच्याखाली. ह्याच्याखाली तर तुम्ही म्हातारी माणसंच बसता." आणि ती थोडीशी हसलीसुद्धा. ताटं उचलता उचलता, माझ्याकडे पाठ करून, तिने विचारलं, "किती वाजता येतील पाडायला? म्हणजे तेवढा वेळ मी पुढच्या खोलीत बसेन."

त्या रात्री मी झोपले की नाही ते सांगता येत नाही. सकाळी आंघोळ केली, केस विंचरले, चांगली साडी नेसले, कॉलेजला जायची तशी. का ते माहीत नाही. इंजिनियरबाई वेळेवर आली. पंचवीस-सव्वीसची असेल, काखेत हेल्मेट, डोळ्यांखाली काळं. तिला या वॉर्डातल्या अशा अकरा जागा बघायच्या होत्या, असं तिने आल्याआल्याच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, फार बोलू नका म्हणून. तिने फाइलमधून कागद काढला. दोन प्रती होत्या. समितीच्या चिटणीसांची सही लागते, म्हणाली. मी चष्मा लावून वाचलं. सदर नियोजित जागेची समक्ष पाहणी केली असता तेथे कोणतेही झाड आढळून आले नाही. खाली तारीख, खाली माझं पद. आम्ही दोघी सावलीत उभ्या होतो.

मी म्हणाले, "झाड आहे."

"आहे मॅडम," ती म्हणाली. तिने वर मात्र बघितलं नाही. "तुम्ही तसं लिहून देणार असाल तर द्या. मी आत्ता काम थांबवते, मला काय. वर पाठवते. मग ते यादी पुन्हा तपासायला घेतील." तिला सगळं माहीत होतं. ती वाईट नव्हती, मला दारही उघडून देत होती. दोन ओळी लिहायच्या होत्या. लिहिता मला येतं, जन्मभर तेच केलं. मी बागेकडे बघितलं. चौदा नंबरच्या झाडाला कुणाची तरी सायकल टेकवलेली होती. पलीकडे ती मनगटाएवढी, त्यांच्यावर कर्नलांचा आकडा मावत नव्हता म्हणून एकाखाली एक अंक काढलेले. त्यांना गेल्या उन्हाळ्यात मीच बादल्यांनी पाणी घातलं होतं, नळ कोरडा होता तेव्हा. हे सगळं मी विचार करून तोललं असं म्हणता येईल, आणि समितीला मी तसंच सांगेन. पण खरं सांगायचं तर मला त्या संध्याकाळसारखंच झालं होतं. पुन्हा सभा, पुन्हा वकील, पुन्हा मोजणी, आणि तेवढी ताकद माझ्यात उरलेली नव्हती. चांगलं कारण हाताशी होतं म्हणून बरं, एवढंच. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही काही बदललं नाही.

कागदाखाली धरायला काही नव्हतं. टेबल समितीच्या खोलीत, खोलीची किल्ली कर्नलांकडे. मी कागद वाकड्याच्या खोडावर टेकवला आणि सही करायला लागले. साल खडबडीत, पेन मध्येच खड्ड्यात गेलं, कागद फाटला. इंजिनियरबाईने कागद उजेडात धरून बघितला. "हे चालणार नाही मॅडम. दुसरी प्रत आहे, तिच्यावर परत कराल?" असं म्हणून तिने आपली फाइल दोन्ही हातांनी माझ्यापुढे आडवी धरली, नीट, घट्ट, हलणार नाही अशी. मी परत केली. दुसरी सही स्वच्छ आली.